सातव्या रिळाची चव

भुताच्या बाबतीत माझ्याइतका धीट माणूस या घरात दुसरा नाही. आता या घरात असतं कोण, तर मी, तुमची मामी आणि मांजर. परवा माळ्यावर काहीतरी खुट्ट झालं, तेव्हा सगळ्यात आधी फाटकाबाहेर पोचलो तो मी. मांजर दुसरं आलं. मामी आलीच नाही. तिनं झोपेतूनच विचारलं, आता काय पाडलंत.

तेव्हा माझ्या धीटपणाचं राहू द्या. गोष्ट माझी नाहीच. माझ्या ओळखीच्या एका माणसाची आहे, आणि खरी आहे. वीज गेली ते बरंच झालं. मोबाइल खिशात घाला, दिवा कुणी लावायचा नाही. मामीनं वर पाठवलेलं दूध प्या, आणि माझा पेला मांजरापुढे सरकवा. मी दूध सोडलं. भाचेबुवा, तुम्ही गच्चीच्या कठड्यापासून इकडे सरका, मला मध्ये मध्ये तिथून खाली थुंकायला उठावं लागतं. तंबाखू नाही रे, तीही सोडली. आणि आमच्या वकीलीणबाई, कायद्याच्या दुसऱ्याच वर्षाला असल्या तरी दर वाक्याला हरकत घेतात. त्यांनी आमची उलटतपासणी गोष्ट संपल्यावर घ्यावी.

तर त्या माणसाला सगळे डिंक्या म्हणायचे.

जुन्या चित्रपटांचा एक मोठा सरकारी संग्रह आहे. तिथं डिंक्या तुटलेल्या फिल्म जोडायच्या कामाला होता, एकोणतीस वर्षं. बोटांना कायम डिंक. त्याच्याशी हात मिळवला की सोडवून घ्यायला तिसरा माणूस लागतो, असं लोक म्हणायचे. म्हणजे म्हणायचो मीच. लोकांनी माझ्याकडून उचललं आणि मला श्रेय दिलं नाही. संग्रहाची गाडी चालवणारा एक चालक होता, त्याची आणि डिंक्याची दोस्ती. तो चालक कोण, ते विचारू नका. गोष्टीत त्याला काम नाही.

आता त्या धंद्यातली एक घाणेरडी गोष्ट सांगतो, ती नीट ध्यानात ठेवा. फिल्मच्या पट्टीला दोन बाजू असतात. एका बाजूवर चित्राचा लेप असतो, दुसरी नुसती गुळगुळीत. तुकड्याला तुकडा जोडायचा, तर लेपाची बाजू ब्लेडनं खरवडायची, डिंक लावायचा आणि वर दुसरं टोक दाबायचं. बाजू चुकली की जोड सुटलाच म्हणून समजा. लख्ख उजेडात ती बाजू डोळ्यांना कळते. पण हे लोक काम शिकले अंधाऱ्या खोल्यांत. म्हणून त्यांची जुनी युक्ती अशी, की पट्टी ओल्या ओठाला लावायची. लेपाची बाजू ओठाला हलकीच चिकटते. गुळगुळीत बाजू घसरते. झालं.

डिंक्याला ती खोड इतकी लागली होती, की पोस्टानं पाकीट आलं तरी तो आधी ओठाला लावायचा. कोण कुठल्या माणसानं कुठल्या हातांनी धरलेल्या, शंभर वर्षं डब्यात घामेजलेल्या पट्ट्या दिवसभर तोंडाला. संध्याकाळी घरी गेला, की त्याची आक्का दारातच नाकाला फडकं लावून उभी.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. लग्न नाही, तिचंही नाही आणि याचंही नाही. संग्रहाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत दोघं राहायची. सहाव्या वर्षी तापात आक्काचे कान गेले. तेव्हापासून ती ओठ वाचायची. इतकं चोख, की समोरच्या गॅलरीतल्या बायका घरचं काही बोलायचं झालं तर तिच्याकडे पाठ करायच्या. स्वतः बोलायची ती एका सुरात, पट्टीनं रेघ मारल्यासारखं. डिंक्याचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा. त्याचा पेला चुकून तिच्या पेल्यांत आला तर ती तो उकळत्या पाण्यात टाकायची. भावावर माया होती, पण त्याच्या तोंडाची तिला शिसारी होती. त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

त्या संग्रहात एक मूकपट होता. शंभर वर्षांपूर्वीचा, एका रहस्यकादंबरीवरून काढलेला. एक म्हातारा श्रीमंत डॉक्टर रात्री उशाशी ठेवलेलं दूध पितो आणि सकाळी मेलेला सापडतो. घरात सात माणसं. त्यांपैकी खुनी कोण? सहा रिळांत गुप्तहेर सगळ्यांच्या खोल्या हुंगत फिरतो, आणि सातव्या रिळात सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो...

आणि सातवं रीळच नाही. हरवलेलं.

कादंबरीत बघावं, तर संग्रहात तिची एकच प्रत, आणि तिची शेवटची सोळा पानं गळालेली. दुसरी प्रत जगात कुठं सापडली नाही. म्हणजे खून झाला, तपास झाला, आणि खुनी कोण हे जिवंत माणसांत कुणालाही ठाऊक नाही. संग्रहात यावरून नेहमी वाद व्हायचे. साहेबांचं म्हणणं पुतण्या. झाडूवाल्या बाईचं म्हणणं, बायको सोडून कोण असणार. डिंक्या काही म्हणायचा नाही. नोकरीला लागल्यावर त्याला मिळालेलं पहिलं काम ही सहा रिळं. त्याच्या हातांनी ती जोडली, हजारदा पाहिली, आणि एकोणतीस वर्षं तो त्या दिवाणखान्याच्या दारात उभा होता. आत काय झालं, हे कळल्याशिवाय त्याला मरायचं नव्हतं. निदान निवृत्त तरी व्हायचं नव्हतं, आणि निवृत्ती आली होती महिनाअखेरीवर.

मी स्वतः सातवीत दोनदा बसलो. तेव्हा सातवं हाताला लागत नाही म्हणजे काय, ते मला विचारा.

आता तारीख ऐका. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीची चोवीस. सोमवार. अमावास्या नव्हती, वादळ नव्हतं, कुत्रं रडलं नव्हतं. सकाळी संग्रहात फोन आला. दोन तासांच्या वाटेवर एका गावात एक बंद पडलेलं सिनेमागृह होतं, त्याच्या मालकाच्या सुनेचा. म्हणाली, जुने डबे आहेत, घेऊन जा, नाहीतर मी नाल्यात टाकते. साहेबांनी डिंक्याला पाठवलं. गाडी, चालक, रिकामी गोणी. किरकोळ काम.

सूनबाई पायरीवरच उभी होती, आत यायला तयार नाही. पडद्याच्या मागे एक खोली होती. तिथं त्यांचा म्हातारा ऑपरेटर राहायचा, मशीन चालवणारा. सिनेमा बंद झाला तरी तो गेला नाही. महिन्याभरापूर्वी मेला. त्याच्या खाटेखाली डबा होता. वासावरून आधी वाटलं उंदीर मेला, मग वाटलं मांजर मेलं, तीनदा माणसं बोलावून फरशी उकरली. सूनबाई एकेक सांगत होती आणि मध्ये मध्ये तोंड फिरवून श्वास घेत होती. मग तिनं एक सांगितलं, ते डिंक्यानं ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारा शेवटची अकरा वर्षं बोलला नाही. मुका नव्हता. तोंड उघडायचा नाही. ओठ दाबून धरलेले, पांढरे पडलेले. कोपऱ्यातून नळी घालून पेज ओढायचा. गेला, तेव्हा डॉक्टरांनाही ते तोंड उघडता आलं नाही.

"आणि वास डब्याचा म्हणता," ती म्हणाली, "पण हाच वास त्याच्या तोंडाला यायचा."

चालक गाडीतच बसला होता. खिडकी वर करून. शहाणा माणूस.

डबा गंजून बंद झाला होता. डिंक्यानं तो संग्रहात आणून पेचकसानं फोडला. झाकणावर आतून सातचा आकडा कोरलेला होता. डिंक्यानं त्यावरून बोट फिरवलं. आणि मग वास आला.

आता जुनी फिल्म सडते म्हणजे काय होतं, ते सांगतो. दूध पिऊन झालं ना? बरं. आधी ती घामेजते. मग फुगते, मग तिच्यावर फोड येतात, गळवासारखे. ते फुटून तपकिरी मध पाझरतो. वेढ्याला वेढा चिकटतो आणि सगळ्याचं एक मळकं, बुळबुळीत पोळं होतं. वास म्हणाल, तर न धुतलेले मोजे, कुजलेली केळी आणि दुसऱ्या कुणाची तरी ओकारी. दुसऱ्या कुणाची, हे महत्त्वाचं. आपल्या स्वतःच्या घाणीचा माणसाला राग नसतो.

साहेब आले, रुमालाआडून डोकावले आणि दारातूनच मागे झाले. असली फिल्म आपोआप पेट घेते. नियम असा, की खड्डा खणून संपवायची. साहेबांनी उद्या सकाळी अकराची वेळ दिली. डिंक्यानं त्यांच्यापुढे हात जोडले. मधला भाग अजून सोडवता येईल, एक रात्र द्या, चार दिवसांनी मी जाणारच आहे. साहेब म्हणाले ठीक. पण त्या खोलीचा फ्यूज त्यांनी काढून खिशात घातला. दिवा नाही, काडी नाही, खिडकी उघडी. हातात धरायची एक बॅटरी, तीही मिणमिणती.

पावणेदहाला डिंक्या एकटा कामाला बसला.

बॅटरी काखेत. काख दाबली की उजेड छताकडे, सैल सोडली की पायांकडे. टेबलावर कधीच नाही. त्या पोळ्यातून त्यानं लाकडी पट्टीनं एकेक तुकडा सुटा केला. त्रेचाळीस तुकडे निघाले. म्हणजे बेचाळीस जोड. एका जोडाला दोन टोकं. दर टोकाला... बाजू कुठली?

मिणमिणत्या उजेडात सगळं तपकिरी. डोळ्यांना काही कळेना.

असं काही सडकं समोर असताना तुम्ही-आम्ही काय केलं असतं? उठलो असतो. डिंक्याला प्रश्नच पडला नाही. हात आपोआप उचलला गेला. त्यानं ओठ ओला केला आणि पट्टी लावली.

चव लागली. आंबट, गोड, गंजलेली. शेजारी पांढऱ्या मुलाम्याचं तसराळं होतं, त्यात त्यानं चूळ भरली, बाही तोंडावरून फिरवली आणि दुसरं टोक उचललं. पुन्हा चूळ. तिसरं. साडेदहापर्यंत बाटलीतलं पाणी संपलं, आणि जोड झाले होते नऊ. पाणी आणायला खाली जावं लागलं असतं. तो गेला नाही. पाण्यावाचून पुढे लावत राहिला. ओठांवर पुटं चढली. जिभेनं ती काढायची, गिळायची नाही म्हटलं तरी काही गिळली जायची. थांबा, कठड्याशी जाऊन येतो...

हां. आलो.

दहाव्या जोडाला त्याला वाटलं, पट्टी कोमट लागली.

फेब्रुवारीची रात्र. खिडकी उघडी. टेबल थंड, ब्लेड थंड. पट्टी कोमट. त्यानं मनाशी म्हटलं, आपल्याच हातांची ऊब.

विसाव्याला चव बदलली. सडकेपण गेलं. गोडसर काहीतरी. ओळखीचं. पंधरा-सोळा पट्ट्या लागल्यावर ओळख पटली... दूध. कोमट दूध. आणि वर साय. लहानपणी पेल्यातली साय ओठाला लागली की अंगावर काटा यायचा ना, तशी. पातळ. ओली. ओठावर बसणारी.

तिसाव्या जोडाला पट्टी चिकटली, ती सुटेना.

त्यानं ओढली. ओठ ओढला गेला. त्यानं हलकेच सोडली. पट्टीनं... ओढलं.

आपण ज्याला तोंड लावतो, ते आपल्याला तोंड लावत नसतं. पेला लावत नाही. पाकीट लावत नाही. पट्टी लावत होती.

त्यानं हिसडा दिला. सुटली. खालच्या ओठाचं साल घेऊन गेली. बॅटरी खाली पडली, गडगडत भिंतीला जाऊन थांबली. डिंक्या उठला, बॅटरी आणली, आणि पुन्हा बसला. बारा जोड राहिले होते. दिवाणखान्याचं दार किलकिलं झालं होतं... एकोणतीस वर्षांनी. तो माणूस उठून जाणार होता का?

एकतिसाव्याला त्यानं पट्टी ओठाजवळ आणली आणि हात थांबवला. लावली नाही.

पट्टी आली.

पुढचे अकरा जोड त्यानं डोळे मिटून केले. त्याबद्दल त्यानं चालकाला फार सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की शेवटी शेवटी त्याला टोक शोधावं लागलं नाही.

बाराला दहा मिनिटं होती. रीळ जुळलं.

त्याच्याकडे एक बघायचं यंत्र होतं, पेटीसारखं. एका बाजूनं फिल्म घालायची, मूठ फिरवायची आणि वरच्या भिंगाला डोळा लावायचा. आतला दिवा जाळायची सोय नव्हती, म्हणून त्यानं मागून बॅटरी टेकवली. डोळा लावला. मूठ फिरवली.

डाग, रेघा, फोड... आणि मध्येच दिवाणखाना. सातही जण बसलेले. पुतण्या, बायको, कारकून, सगळे. गुप्तहेर उभा राहतो. बोट उचलतो. सगळ्यात मागे, दाराशी, डॉक्टरची परिचारिका उठते. सहा रिळांत ती नुसती दुधाचा पेला आणते आणि नेते. कुणाचं लक्षही नसतं. ती उठते आणि बोलते. ओठ हलतात.

मूकपटात कुणी बोललं की पुढे पाटी येते, बोलणं लिहिलेली. पाटी आली. पाटीवर नुसता तपकिरी डाग. अक्षर नाही. वितळलेलं.

डिंक्यानं कपाळावर हात मारला. रीळ उलटं फिरवलं, पुन्हा पाहिलं. दुसरी पाटी. डाग. तिसरी. डाग. बाई नाव सांगत होती, आणि ते कळत नव्हतं. त्यानं पुन्हा फिरवलं.

परिचारिका दाराशी नव्हती. टेबलाशी उभी होती.

तोच तुकडा. तेच जोड, त्याच्याच हातचे. त्यानं मूठ सोडली. हात पुसले. पुन्हा धरली...

आता तिचा चेहराच होता. भिंगभर. सरळ त्याच्याकडे. ओठ हलत होते. तेच तेच. तेच तेच.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

आक्का होती. भाऊ आला नाही म्हणून जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं नाकावर फडकं दाबलं होतं आणि ती आल्या पावली परत जाणार होती. डिंक्यानं तिचा दंड धरला. आयुष्यात तिनं कधी त्याच्या कामाच्या वस्तूला हात लावला नव्हता. त्यानं बॅटरी आपल्या तोंडाखाली धरली, म्हणजे तिला ओठ दिसतील, आणि सावकाश सांगितलं. ही बाई खुन्याचं नाव घेते आहे. पाट्या गेल्या. तू वाच. एकदाच.

आक्का त्याच्या ओठांकडे बघत राहिली. बघायचीच ती नेहमी. पण जरा जास्त वेळ.

मग तिनं फडक्यासकट भिंगाला डोळा लावला आणि मूठ फिरवली. एकदा. दोनदा. खोलीत फक्त यंत्राची कटकट... तीही तिला ऐकू येत नव्हती.

ती मागे सरली.

"कुणी केला?" डिंक्यानं विचारलं.

"नाव नाही घेत ती," आक्का म्हणाली, त्याच एका सुरात. "ती तुझ्याशी बोलतेय."

"काय बोलतेय?"

"थुंक म्हणते. लवकर थुंक."

डिंक्या हसला. हसायला तोंड उघडलं, ते नेहमीसारखं उघडेना. दोन्ही ओठांत काहीतरी ताणलं गेलं. आतून. जीभ हलवली. जिभेवर... काही होतं. टाळूला होतं. गालांना होतं. पातळ, ओलं, कोमट. त्यानं तसराळ्यात थुंकायचा प्रयत्न केला. थुंकी आली नाही. श्वास नाकातून शिट्टीसारखा यायला लागला. ओठ मिटत होते. तो मिटत नव्हता, ते मिटत होते.

त्याला त्या वेळी म्हातारा ऑपरेटर आठवला. अकरा वर्षं.

आणि आक्कानं काय केलं सांगू? जिनं तीस वर्षं भावाचा पेला उकळून घेतला, तिनं नाकावरचं फडकं फेकलं, डाव्या हातानं त्याचा जबडा धरला, आणि उजव्या हाताची दोन बोटं त्या तोंडात घातली. खोलवर. त्या बुळबुळीत घाणीत. कडा सापडली. ओढली.

साय आली.

वीतभर आली. हातभर आली. तुटली नाही, येतच राहिली. घशातून, आणि त्याच्याही खालून कुठून तरी. आक्काला उलटी झाली, तिच्या स्वतःच्या पायांवर. तिनं हात सोडला नाही. ओढत राहिली. तसराळ्यात वेटोळ्यावर वेटोळं पडलं. शेवटी टप्प आवाज झाला, डिंक्या फरशीवर कोसळला आणि पोटातलं सगळं ओकला.

बऱ्याच वेळानं तिनं बॅटरी तसराळ्यावर धरली. ती साय नव्हती. फिल्मवरचा लेप होता, नुसता चित्रांचा पापुद्रा, पट्टीवरून सुटलेला. त्यावर चौकटी होत्या. एकीखाली एक. प्रत्येक चौकटीत तीच परिचारिका.

तोंड मिटून.

डिंक्या रांगत यंत्राशी गेला. मूठ फिरवली. आतून तपकिरी भुकटी सांडली, सांडतच राहिली. बेचाळीस जोडांचं रीळ गेलं. सकाळी अकराला साहेबांनी खड्ड्यात ओतली ती एक बादली पूड. साहेब म्हणाले, पुतण्याच असणार. झाडूवाली बाई म्हणाली, बायको.

डिंक्या अठ्ठावीसला निवृत्त झाला. खुनी कोण, ते त्याला कळलं नाही. विचारलं तर म्हणतो, नाही कळलं तेच बरं, आणि विषय बदलतो. आता दोघं एकाच पेल्यानं पाणी पितात. त्याला कशाचीच चव लागत नाही. जेवण तोंडात घातलं की साय लागते म्हणतो, आणि मग उठून थुंकायला जातो. चालतंय.

आता शेवटचं. त्या पापुद्र्याचं सकाळपर्यंत पाणी झालं. चार बोटं लांबीचा एक तुकडा तेवढा राहिला, पट्टीसकट. पट्टी त्याला कुठून आली, देव जाणे. आक्कानं तो चिमट्यानं उचलून एका गोळ्यांच्या डबीत घातला आणि चालकाला दिला. खड्ड्यात टाक म्हणाली, तुझ्या हातानं टाक, याच्या हाती देऊ नकोस.

चालक तसा आज्ञाधारक नव्हता.

ही ती डबी. घाबरू नका, टाचणीएवढाही आवाज येत नाही तिच्यातून. एक वर्ष झालं. उन्हात ठेवली, तांदळात पुरून ठेवली, मामीच्या केस वाळवायच्या यंत्रापुढे धरली. वाळत नाही. बोट लावून बघा, ओलं लागेल. थांबा, मी काढतो... थांबा जरा, अंधारात पडेल... हं. ही घ्या. अशी धरायची. खाली आहे ती गुळगुळीत बाजू. वर आहे ती चित्राची, तिला बोट चोळू नका.

भाचेबुवांनी हात लावला आणि तो माझ्याच बाहीला पुसला. दुसऱ्या भाच्यानं घेतली आणि लगेच पुढे दिली. वकीलीणबाईंनी ती घेतलीच नाही. आता तरी बोलू का, असं विचारलं. मी म्हटलं, बोला, गोष्ट संपली.

"मघापासून तुम्ही आम्हाला दिवा लावू दिला नाहीत, मामा," ती म्हणाली. "मग चित्राची बाजू कुठली, ते तुम्हाला आत्ता कळलं कसं?"